लेन्स घ्यावी की बांगड्या राखाव्यात?



या सदराकडे येणारी पत्रं बहुधा डाळीतली कीड, मुलांचा अभ्यास नाहीतर सासरचे रुसवे यांचीच असतात. पण या वेळी भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीहून आलेलं पत्र जरा निराळं आहे. ही भगिनी लिहिते :

“आमच्या ह्यांचा लग्नकार्याचे फोटो काढायचा धंदा आहे. वर्षाला वीस-पंचवीस ऑर्डरी मिळतात. कॅमेरा बरा आहे, पण लेन्स त्याच्याबरोबर आलेली, साधीच. आता ह्यांना ‘प्रोफेशनल’ लेन्स हवी आहे. किंमत १ लाख ८० हजार! बँकेत तेवढे पैसे नाहीत, म्हणून माझ्या चार बांगड्या गहाण टाकू म्हणतात. सासूबाई म्हणतात, धंद्याच्या कामी नवऱ्याला नाही म्हणू नये. आणि हे म्हणतात, दादासाहेब फाळक्यांच्या बायकोनं नव्हते का दागिने दिले? ताई, मला कॅमेऱ्यातलं काहीच कळत नाही. मी हो म्हणू की नाही?”

या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य बांगड्यांचं नाही. ‘मला त्यातलं काहीच कळत नाही’ हे ते वाक्य. आपण गहू घेताना दाणा दाताखाली चावून बघतो, साडी घेताना पदर उलटा करून बघतो. मग जी वस्तू आपल्या बांगड्यांवर घरात येणार, ती न बघताच हो किंवा नाही कसं म्हणायचं? तेव्हा आज आपण दोघी-तिघी मिळून ही लेन्स जरा हातात घेऊन बघू या. ज्यांच्या घरी कॅमेरा नाही त्यांनीही वाचावं. शिलाई मशीन असो, पिठाची गिरणी असो की ब्यूटी पार्लरची खुर्ची असो, धंद्याची महागडी वस्तू घरात येताना हिशेब हाच असतो.

लेन्स म्हणजे खिडकी

लग्नाचा कॅमेरा दोन भागांचा असतो. मागची पेटी म्हणजे बॉडी, आणि पुढे बसते ती लेन्स. लेन्स काढून दुसरी बसवता येते. कॅमेऱ्याबरोबर मिळते तिला किट लेन्स म्हणतात. तिच्या कडेवर बहुधा ‘१८-५५’ आणि ‘३.५-५.६’ असे आकडे असतात.

पहिली जोडी सांगते की दृश्य किती लांब-जवळ करता येईल. १८ ला अख्खं कुटुंब मावतं, ५५ ला नवरीचा चेहरा जवळ येतो. दुसरी जोडी सांगते की लेन्सची खिडकी जास्तीत जास्त किती उघडते. इथे एक गंमत ध्यानात ठेवा : आकडा जितका लहान, तितकी खिडकी मोठी. किट लेन्स ५५ वर नेली की तिची खिडकी ५.६ च्या पुढे उघडतच नाही. प्रोफेशनल म्हणतात ती २४-७० ची लेन्स सगळीकडे २.८ पर्यंत उघडते. आकडा निम्मा झाला, पण उजेड दुप्पट नव्हे, चौपट आत येतो. खिडकीची रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केली तर चार खिडक्यांएवढं ऊन घरात येईल ना, तसंच.

चौपट उजेडाचा उपयोग काय? तुमच्या भागातली हळद आठवा. लग्नापेक्षा हळदीलाच गर्दी जास्त, आणि तीही रात्री! मांडवात निळे-जांभळे दिवे, डीजेचा दणका, करवल्या नाचताहेत, मामा नवरदेवाला खांद्यावर घेतोय. अशा वेळी कमी उजेडात किट लेन्सला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, समजा सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात नाचणाऱ्या मुलीचा हात फोटोत धुरासारखा फिसकटतो. २.८ ची लेन्स तेवढाच उजेड सेकंदाच्या सुमारे एकशेविसाव्या भागात घेते, आणि हात बराचसा जागच्या जागी थांबतो. काही लेन्समध्ये हात थरथरला तरी फोटो सावरणारी सोय असते. पण ती फोटोग्राफरचा हात सावरते. नाचणारीचा नाही! दुकानदार या दोन गोष्टी एकात मिसळून सांगतात, तिथे सावध राहा.

याशिवाय या लेन्सचा फोकस चटकन बसतो, मागची गर्दी मऊ पुसट होते, आणि पुष्कळ लेन्सना धूळ-पाण्यापासून बचावाची रबरी कड असते. म्हणजे लेन्स खरोखर गुणाची आहे. कॅनन कंपनीच्या लेन्सवर लाल कडी, निकॉनच्या लेन्सवर सोनेरी कडी दिसली की ती वरच्या दर्जाची, असं फोटोवाले ओळखतात. सोनेरी कडीसाठी सोन्याच्या बांगड्या द्याव्यात का, एवढाच आपला प्रश्न.

आता दुसरी बाजू. दिवसाउजेडी, दारातल्या मांडवात, सगळ्यांना ओळीनं उभं करून काढलेला फोटो दोन्ही लेन्सनी काढा आणि अल्बमात शेजारी शेजारी लावा. नवरीच्या आईला त्यातला फरक सांगता येणार नाही. तसले फोटो खिडकी पुरी उघडून काढतच नाहीत. सगळे चेहरे स्वच्छ यावेत म्हणून ती मुद्दाम लहान ठेवतात. मांडवातल्या जांभळ्या दिव्यानं नवरी जांभळी दिसत असेल, तर ती दोन लाखांच्या लेन्समधूनही जांभळीच दिसेल. आणि वजनाचंही बघा. किट लेन्स पाव किलोच्या आत असते. कॅननची २४-७० ची २.८ वाली भरते ८०५ ग्रॅम. सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत ती गळ्यात वागवायची असते, तेव्हा पाठीच्या दुखण्याचाही हिशेब हवा.

घरच्या घरी परीक्षा

ही लेन्स ‘चांगली’ आहे का, हे विचारून उपयोग नाही. चांगली ती आहेच. ‘आमच्या कामात नेमकं काय अडलंय?’ हे विचारायचं. त्याचं उत्तर तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्येच आहे, आणि ते शोधायला फोटोग्राफर असावं लागत नाही.

मागच्या हंगामातल्या तीन ऑर्डरी घ्या. एखादा फोटो निवडून त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, मग ‘डिटेल्स’ उघडा. तिथे फोटोची सगळी कुंडली असते. त्यातल्या चार गोष्टी वहीत उतरवा : एफ-स्टॉप म्हणजे खिडकी किती उघडी होती, एक्स्पोजर टाइम म्हणजे डोळा किती वेळ उघडा होता, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यानं अंधारात उजेड किती ‘ओढला’, आणि फोकल लेन्थ, म्हणजे १८ पासून ५५ पर्यंतचा तो आकडा. बिघडलेले पन्नासेक फोटो तपासा. तासाभराचं काम आहे, तांदूळ निवडण्याइतकं.

आता अर्थ लावू. फिसकटलेल्या फोटोंत एफ-स्टॉप ५.६, आयएसओ ६४०० च्या घरात आणि वेळ सेकंदाचा तिसावा भाग असं वारंवार दिसलं, तर लेन्स आपल्या शेवटच्या दमावर काम करत होती. तुमच्या ह्यांची तक्रार खरी आहे. पण एफ-स्टॉप ८ असेल आणि तरी फोटो हलला असेल, तर खिडकी उघडायची सोय होती, ती उघडलीच नाही. तिथे नवी लेन्स काही करणार नाही, सराव करील. निम्म्याहून जास्त फोटो ५५ वरच असतील, तर त्यांना लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी आहे. सगळे १८ वरच असतील, तर घरं लहान आहेत आणि हवी आहे रुंद बघणारी.

या शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ जण फसतात. साध्या कॅमेऱ्यांच्या आतली फोटो उमटवणारी पट्टी लहान असते. त्यावर २४-७० ची लेन्स बसवली की ती कॅननमध्ये ३८-११२ सारखी वागते. म्हणजे एवढे पैसे ओतूनही लहान खोलीत अख्खं कुटुंब मावेनासं होतं! अशा कॅमेऱ्याला १७ किंवा १८ पासून सुरू होणारी २.८ ची लेन्स जास्त सोयीची. टॅमरॉन आणि सिग्मा या कंपन्या तशा लेन्स बनवतात आणि त्यांची किंमत पुष्कळच कमी असते. तेव्हा ह्यांना विचारा, “अहो, आपली बॉडी फुल फ्रेम आहे की क्रॉप?” एवढा एक प्रश्न विचारलात की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल, बघा!

आणखी एक. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नव्या खाचेच्या लेन्स काढल्या. जुनी लेन्स जोडणी लावून नव्या कॅमेऱ्यावर बसते, पण नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाही. पुढच्या दोन वर्षांत बॉडीही बदलायचा विचार असेल, तर दोन्हींचा बेत एकत्र करा. नाहीतर झगा आधी शिवला आणि माप नंतर घेतलं, अशी गत व्हायची.

आधी दहा हजार, मग लाख

परीक्षेत खरंच उजेड कमी पडतोय असं निघालं, तरी लगेच लाखावर उडी नको. मध्ये तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ५० एमएम एफ १.८ ही लेन्स. हिच्यात लांब-जवळ होत नाही, आपणच पुढे-मागे सरकायचं. पण हिची खिडकी किट लेन्सच्या ५.६ च्या मानानं जवळजवळ दहापट उजेड घेते, म्हणजे त्या लाखाच्या लेन्सपेक्षाही जास्त. कॅननची २०१५ साली आलेली अशी लेन्स अवघी १६० ग्रॅमची आहे. कंपनीप्रमाणे साधारण दहा ते वीस हजारांत ही लेन्स मिळून जाते. नवरीचा चेहरा, मेंदीचे हात, हळदीनं माखलेली आजी, असे फोटो हिच्यावर सुरेख येतात. लहान खोलीतल्या घोळक्याला मात्र ही चालत नाही.

दुसरी पायरी उजेडाची. चांगला फ्लॅश आणि एक स्टँड लेन्सच्या किमतीच्या छोट्या हिश्शात येतो. फ्लॅश तोंडावर न मारता पांढऱ्या कापडावर किंवा छत्रीवर मारला की उजेड मऊ पसरतो, आणि मांडवातल्या जांभळ्या रंगावरही थोडा उतारा पडतो.

तिसरी पायरी भाड्याची. प्रोफेशनल लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळतात. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. तिथे चौकशी केली तर भाड्यानं देणारे कळतात. ठाण्या-कल्याणकडेही विचारावं. ओळखपत्र आणि अनामत ठेवावी लागते. भाडं लेन्सप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतं. हिशेबापुरतं आपण दिवसाला दीड हजार धरू. एका हळदीला ती लेन्स आणा, तेच फोटो दोन्ही लेन्सनी काढा आणि गिऱ्हाइकाला न सांगता दोन्ही दाखवा. त्यानं कुठल्या फोटोकडे बोट दाखवलं ते बघा. दुकानदाराच्या तासभर बोलण्यापेक्षा ते एक बोट जास्त सांगून जाईल.

आता कागद-पेन्सिल घ्या

समजा, १ लाख ८० हजारांचं कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता पडतो सुमारे ५,९७९ रुपये. तीन वर्षांत एकूण सुमारे २ लाख १५ हजार जातात, म्हणजे ३५ हजार नुसतं व्याज. आणि हप्त्याला चातुर्मास नसतो, बरं का! आषाढी ते कार्तिकी चार महिने लग्नं बंद, तरी जवळजवळ २४ हजार भरावेच लागणार. ते चार महिने कशावर निघतील, हे आधी वहीत लिहा.

आता समजा, लेन्स पाच वर्षं वापरून निम्म्या किमतीला विकली. मग झीज झाली ९० हजार, वर्षाला १८ हजार. व्याजाचे वर्षाला ७ हजार त्यात मिळवले की झाले २५ हजार. भाड्यानं आणली तर दीड हजाराप्रमाणे २५ हजारांत सोळा-सतरा रात्री निघतात. म्हणजे वर्षाला दहा-बारा हळदीच अंधाराच्या असतील तर भाडं स्वस्त. वीस-पंचवीस असतील तर विकत घेणं स्वस्त, आणि दर वेळी मुंबईची खेपही वाचली. तुमच्याकडचे आकडे निराळे असतील. ते याच पद्धतीनं मांडून बघा.

दुसरा हिशेब मिळकतीचा. लेन्स आली म्हणून ऑर्डरीमागे दोन हजार जास्त मिळतील का? वीस ऑर्डरींचे वर्षाला ४० हजार होतात, म्हणजे मुद्दल फिटायला साडेचार वर्षं. आणि मागच्या हंगामात ज्या ऑर्डरी हातच्या गेल्या, त्या का गेल्या? अल्बम उशिरा दिला म्हणून, व्हिडिओवाला बरोबर नव्हता म्हणून, की दुसऱ्यानं दर पाडला म्हणून? ‘तुमच्या रात्रीच्या फोटोंत नाच नीट येत नाही’ असं म्हणून किती गेल्या? तेवढ्याच लेन्सच्या खात्यावर मांडायच्या. बाकीच्या लेन्स आणूनही परत येणार नाहीत.

बिलाचंही सांगते. लेन्सवर १८ टक्के जीएसटी असतो. १ लाख ८० हजार ही करासकट किंमत असेल, तर त्यात सुमारे साडेसत्तावीस हजार कराचे आहेत. धंद्याची जीएसटी नोंदणी असेल तर ही रक्कम आपल्या भरायच्या करातून वळती करता येते. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, पण मग ही सवलतही नाही. नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावानंच घ्या आणि हिशेबनिसाला दाखवा. ‘बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कंपनीची भारतातली वॉरंटी गेली, की वाचवलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात.

फाळक्यांची गोष्ट पुरी ऐका

आता बांगड्यांकडे येऊ. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण तुमच्या ह्यांनी दिलं, ते बरंच झालं. गोष्ट खरी आहे. पण ती अर्धी सांगितली जाते.

फाळके १९१२ साली इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या होत्या. पण हा माणूस हौशी नव्हता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवलेला, छपाईच्या धंद्यात हात काळे केलेला. कॅमेरा आल्यावर त्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब फुटून रोप वाढेपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ हे त्यांचं ते चिमुकलं चित्र. ते पाहिल्यावर पैसा घालणाऱ्यांचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला तो ३ मे १९१३ ला.

सरस्वतीबाईंचे दागिने या उद्योगाच्या कामी आले, हे खरंच. पण त्यांनी दागिने काढून दिले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या, असं झालं नाही. कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडायचं किचकट काम त्यांनी शिकून घेतलं. चित्रण चालू असताना उजेड परतवायला त्या पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. आणि एवढं करून सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. २००९ साली आलेला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. सरस्वतीबाईंना त्यातलं कळत होतं. कुठला पैसा कुठे चालला आहे ते त्या रोज डोळ्यांनी बघत होत्या. आणि हेही विसरू नये की पुढे फाळक्यांचे शेवटचे दिवस ओढगस्तीतच गेले; १९४४ साली नाशिकला ते वारले. मोठ्या माणसाच्या कर्तृत्वाला नमस्कार करावा, पण त्यांच्या कर्जाचा कित्ता गिरवायलाच हवा असं नाही.

म्हणून ह्यांनी पुन्हा फाळक्यांचं नाव काढलं, तर हसून म्हणा, “चालेल. पण आधी वाटाण्याचा कोंब दाखवा. आणि मला भोकं पाडायला शिकवा!”

आणि सासूबाईंचं म्हणणं? त्यांना उलट बोलू नका. त्या ज्या काळात नांदल्या, त्या काळात तेच शहाणपण होतं. पण एवढं तुम्हालाही ठाऊक असू द्या की स्त्रीधनावर कायद्यानं हक्क फक्त बाईचा असतो. सुप्रीम कोर्टानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं. २०२४ सालीही त्याच कोर्टानं सांगितलं की अडचणीच्या वेळी नवऱ्याला ते वापरता आलं, तरी ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. घर जळत असेल, कुणी इस्पितळात असेल, तर आपण मागण्याची वाट न बघता बांगड्या काढून देतो. लेन्स हे संकट नाही, तो व्यवहार आहे. आणि व्यवहारात विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

सगळी परीक्षा होऊन लेन्स घ्यावीच असं ठरलं, आणि तुमचं मन आनंदानं हो म्हणालं, तर जरूर द्या. मात्र चारऐवजी दोन बांगड्यांत भागेल का ते बघा. उरलेलं हंगामाच्या आगाऊ रकमेतून काढा. बांगड्यांचं वजन, तारीख, व्याज आणि सोडवायचा महिना वहीत लिहून दोघांनी सही करा. ऑर्डरीमागे जे जास्तीचे दोन हजार येतील, ते निराळ्या डब्यात. तो डबा बांगड्या सुटेपर्यंत कुणी उघडायचा नाही, दिवाळी आली तरी!

शेवटी एवढंच म्हणेन की चांगलं काम चांगल्या हत्याराची वाट बघत बसत नाही. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तपत्र-छायाचित्रकार. त्याही जे. जे. मध्येच शिकल्या. त्यांचं पुष्कळ काम रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावरचं आहे, आणि त्याची लेन्स बदलताच येत नाही. तशा लेन्समधूनही त्यांनी स्वतंत्र होणारा देश टिपला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

लेन्स घरात आली, तर

आपल्या ठाणे जिल्ह्यातला पावसाळा म्हणजे पापडाला, लोणच्याला आणि लेन्सलाही बुरशीच. हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांवर दिवसचे दिवस राहिला की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती काचेवरचा लेप खाते.

लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आत दमटपणा दाखवणारं लहानसं यंत्र ठेवलं तर उत्तम. काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान असावा. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरा किंवा बदला. या पुड्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि धान्याच्या डब्यात चुकूनही टाकू नका. लेन्सजवळ तांदूळ नकोत, त्यांची भुकटी आत जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. उन्हाची उघडीप मिळाली की लेन्स काढून वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी कमी धरते.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानात बॅटरी घेऊन जा. दोन्ही टोकांची झाकणं काढून एका बाजूनं उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. आत पांढरे धागे दिसले तर ती लेन्स निम्म्या किमतीतही नको. झूमची कडी फिरवून बघा, वाळू अडकल्यासारखी करकरायला नको. मागच्या बाजूचे स्क्रू खरवडलेले असतील तर लेन्स पूर्वी उघडलेली आहे, असं समजा. आपल्या कॅमेऱ्यावर लावून दहा-वीस फोटो काढा, आणि ते दुकानाच्या पडद्यावर नव्हे, घरी आणून मोठे करून बघा.

पुढच्या अंकात सोनं गहाण ठेवताना पावतीवर काय काय वाचावं, याविषयी लिहीन. ज्यांच्या घरात असा काही व्यवहार चालू असेल, त्यांनी आपले प्रश्न जरूर कळवावेत.